वाचकांचे प्रश्न : किशोरवयीन मुलांच्या देहप्रतिमेवर संशोधन करताना

गेल्या अंकात आम्ही विद्यापीठांतल्या संशोधन साहाय्यक पदाची ओळख करून दिली होती. उदाहरण घेतलं होतं शाळकरी मुलांच्या देहप्रतिमेवर चालणाऱ्या प्रकल्पाचं. देहप्रतिमा म्हणजे मूल स्वतःच्या शरीराकडे कसं पाहतं, त्याबद्दल काय विचार करतं, त्याला काय वाटतं आणि त्यापायी ते काय करतं किंवा टाळतं. त्यावर पत्रं बरीच आली. ज्यांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत.

मी एम. ए. (मानसशास्त्र) आहे, नेट झालेली नाही. जाहिरातीत 'संशोधन साहाय्यक, करार पद्धतीने, एकत्रित मानधन' एवढंच आहे. अर्ज करू का? मुलाखतीला काय विचारतात? (नाशिक)

अर्ज जरूर करा, पण आधी प्रकल्पाला पैसा कोण देतंय ते पाहा. पात्रता आणि मानधन त्यावरच ठरतं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पांत संशोधन साहाय्यकाला सामाजिक शास्त्रांतली ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी लागते आणि महिना ३७,००० रुपये मिळतात. क्षेत्र अन्वेषकाला २०,००० मिळतात. विज्ञान खात्यांच्या प्रकल्पात 'प्रोजेक्ट असोसिएट-१' असेल तर २०२० च्या दरांनुसार नेट किंवा गेट झालेल्याला ३१,००० आणि न झालेल्याला २५,००० होते, शिवाय घरभाडं. नेटची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, वेगळी. ती व्यक्तीला मिळते आणि हे पद प्रकल्पाचं असतं. प्रकल्प संपला की पद संपतं.

रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : मुदत किती आणि वाढ कशावर अवलंबून, शाळांना जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, आणि याच कामाच्या माहितीवर तुम्हाला पीएच.डी. करता येईल का. साहाय्यक झालं की पीएच.डी.ची नोंदणी आपोआप होते असा समज बराच पसरलेला आहे. तसं होत नाही. तिची प्रवेशपरीक्षा आणि प्रक्रिया स्वतंत्र असते.

मुलाखतीत व्याख्या कमी आणि कामाचे प्रश्न जास्त येतात. उलट गुणांकनाची विधानं म्हणजे काय, क्रॉनबाख अल्फा (श्रेणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.५ आला तर काय तपासाल, वर्गात एखादी मुलगी रडू लागली तर पहिल्या मिनिटात काय कराल, असे. तुम्हाला युनिकोड मराठी टंकलेखन येत असेल, आर किंवा जामोवी या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत माहिती साफ करता येत असेल, आणि शाळेत कधी काम केलं असेल, तर ते अर्जाच्या पहिल्या पानावर लिहा. पदव्यांची जंत्री मागे गेली तरी चालेल.

देहप्रतिमा मोजणाऱ्या इंग्रजी मापनश्रेणीचं (विधानांच्या प्रश्नावलीचं) मराठी भाषांतर मी दोन दिवसांत केलं. मार्गदर्शक म्हणतात, पुन्हा करा. चूक काय झाली? (कोल्हापूर)

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. या विषयात निम्मं काम भाषेतच आहे.

आधी रीत सांगतो. साधारणपणे बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पायऱ्या वापरतात. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, एक विषय जाणणारा आणि एक न जाणणारा. दोन्हींचा मिळून एक मसुदा होतो. मग मूळ इंग्रजी न पाहिलेले दोघे तो परत इंग्रजीत आणतात. सगळे कागद घेऊन समिती बसते आणि शेवटी ३० ते ४० जणांवर चाचणी होते. त्याआधी मूळ कर्त्यांची परवानगी ईमेलने मागून ठेवा. एवढं दोन दिवसांत उरकत नाही. दोन महिने धरा.

आता मराठीतच अडतं ते. 'बॉडी अ‍ॅप्रिसिएशन स्केल-२' ही टिल्का आणि वुड-बारकॅलो यांची २०१५ सालची, दहा विधानांची श्रेणी घ्या. तिच्यात 'मी माझ्या शरीराचा आदर करते' अशा अर्थाचं विधान आहे. पहिली अडचण क्रियापदाची. करतो की करते? 'करतो/करते' असं छापलं तर सातवीतलं मूल प्रत्येक ओळीत अडखळतं, आणि स्वतःला यातल्या कुठल्याच खान्यात न बसवणारं मूल तर पहिल्याच ओळीला बाहेर पडतं. शक्य तिथे 'मला... वाटतं', 'माझ्या मनात... येतं' अशी रचना घ्या, म्हणजे लिंगाचा प्रश्नच येत नाही. जमत नसेल तिथे मुलांची आणि मुलींची प्रत वेगळी छापा.

दुसरी अडचण 'शरीर' या शब्दाची. मुलांना तो विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो. 'मला माझ्या शरीराबद्दल चांगलं वाटतं' याला एखादा मुलगा होय म्हणेल, कारण त्याला महिनाभरात ताप आलेला नाही. तो आरोग्याचं सांगतोय, दिसण्याचं नाही. म्हणून चाचणीत नुसत्या खुणा करून घेऊ नका. दहा-बारा मुलांजवळ एकेक करून बसा, विधान वाचायला द्या आणि विचारा, 'हे वाचून तुझ्या मनात काय आलं? तुझ्या शब्दांत सांग.' कुठलं विधान भरकटलंय ते तिथेच कळतं.

तिसरी, शब्दांचा भार. इंग्रजीतल्या एका 'थिन'साठी मराठीत बारीक, सडपातळ, शेलाटी, किडकिडीत, काटकुळी असे शब्द आहेत. शेलाटीत कौतुक आहे, काटकुळीत हेटाळणी. 'जाड', 'गुबगुबीत', 'अंगानं भरलेली' यांचंही तेच. आणि 'बारीक झालीस गं' हे आजीच्या तोंडी काळजीचं असतं, मैत्रिणीच्या तोंडी शाबासकीचं. श्रेणीत भार नसलेला शब्द हवा. 'वजन कमी', 'वजन जास्त' हे रुक्ष वाटलं तरी तेच सुरक्षित.

चौथी, दुहेरी नकार. मेंडेलसन यांच्या २००१ सालच्या २३ विधानांच्या 'बॉडी एस्टीम' श्रेणीत काही विधानं उलट्या अर्थाची आहेत. समजा, भाषांतरात 'मला माझं वजन आवडत नाही' असं झालं आणि उत्तराचा पर्याय 'कधीच नाही' : आवडत नाही असं कधीच नाही, म्हणजे आवडतं? मोठी माणसंही इथे चुकतात. 'मला माझ्या वजनाचा कंटाळा येतो' असं सरळ होकारार्थी करा. अल्फा खाली येण्याचं कारण बहुतेक वेळा अशाच दोन-तीन ओळींत सापडतं. आणि 'क्वचित' ऐवजी 'फार कमी वेळा' लिहा.

एक गोष्ट भाषांतराने भरून निघणार नाही. या पाश्चात्त्य श्रेण्यांत रंगाचा प्रश्न नाही. आपल्याकडे मुलीच्या, आणि आता मुलाच्याही, मनातला पहिला सल बऱ्याचदा सावळेपणाचा असतो. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, पण घरात 'उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील' हे वाक्य तसंच आहे. म्हणून रंग, मुरुमं, उंची, केस यांवरची विधानं वेगळी तयार करा. ती मूळ श्रेणीच्या बेरजेत मात्र मिसळू नका. मिसळलीत तर इतर देशांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.

आठवीतल्या मुलीने शाळेतून संमतिपत्र आणलं आहे. 'शरीराविषयीचे विचार' असा विषय आहे. सही करू का? अशा प्रश्नांनी मुलीच्या डोक्यात नको ते शिरणार नाही ना? (सातारा)

ताई, तुमची शंका रास्त आहे. कागदावर या गोष्टी आहेत का ते पाहा : संस्थेचं आणि मुख्य संशोधकाचं नाव व फोन, नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक, नेमकं काय विचारणार व मोजणार, किती वेळ लागणार, माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार, आणि 'मध्येच थांबता येईल, त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही' हे स्पष्ट वाक्य. यातलं एखादं नसेल तर फोन करून विचारा. तो तुमचा हक्क आहे. प्रश्नावली पाहायला मागितलीत तरी चालेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि शिवाय मुलांचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वयात तो तोंडी, बारा ते अठरा वयात लेखी. म्हणजे तुम्ही सही केलीत तरी मुलगी नाही म्हणू शकते आणि तिचं ते नाही मानलं जातं. 'चार दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती समजू' असं लिहिलेलं पत्र आलं, तर शाळेत जाऊन हरकत घ्या.

'मला माझं दिसणं आवडतं' यासारख्या विधानांनी नवा न्यूनगंड तयार होत नाही. तो असेल तर वर्गातल्या टोपणनावांनी आणि मोबाइलवरच्या फिल्टरांनी आधीच आलेला असतो. पण 'वजन कमी करायला तू काय काय करतेस?' असं विचारून खाली उलट्या, उपास, औषधं अशी यादी दिली असेल, तर ती यादी लहान मुलीला नवी माहिती ठरू शकते. तेवढा प्रश्न जरूर विचारा : अशी यादी आहे का आणि ती कुठल्या इयत्तेपासून देता?

मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. परवानगी मागायला विद्यापीठाचे लोक आले आहेत. मागे एका सर्वेक्षणानंतर मुलं एकमेकांना वजनावरून आठवडाभर चिडवत होती. या वेळी काय अटी घालू? (लातूर जिल्हा)

ते घडलं कारण वजन बहुधा सगळ्यांसमोर झालं आणि कुणीतरी आकडा मोठ्याने वाचला. एक माणूस मोजतो, दुसरा लिहितो आणि मधून आकडा ओरडला जातो. पद्धत तपासणी शिबिरातून आलेली आहे. या संशोधनात ती चालणार नाही. अट लेखी घाला : वजन-उंची वेगळ्या खोलीत किंवा पडद्याआड, एका वेळी एकच मूल, मुलींसाठी महिला साहाय्यक, काट्याचा दर्शक मुलाच्या नजरेआड, आकडा फक्त कागदावर. मुलाने स्वतःहून विचारलं तर सांगा, पण 'जास्त आहे हं' अशी शेरेबाजी नको.

क्रमही महत्त्वाचा. आधी प्रश्नावली, मग वजन. उलट केलं तर काट्यावरून उतरलेलं मूल त्याच भावनेत उत्तरं लिहितं आणि संशोधकांची माहितीही वाया जाते.

मोजमापाबद्दल थोडं, कारण चुका इथे साध्या असतात. काटा ०.१ किलोपर्यंत दाखवणारा हवा आणि सतरंजीवर नव्हे, फरशीवर ठेवलेला. रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासायचा. उंचीसाठी भिंतीला चिकटवलेली टेप नको, उंचीमापक हवा. बूट काढलेले, मुलींची वर बांधलेली वेणी किंवा अंबाडा सोडलेला, टाचा टेकलेल्या, नजर समोर अशी की डोळ्याखालचं हाड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत येतील. दोनदा मोजायचं. वयासाठी जन्मतारीख शाळेच्या नोंदवहीतून घेताना १ जून दिसली की जन्मदाखल्याशी ताडून पाहायची. दाखल करताना सोयीने घातलेली ती तारीख आजही कुठे कुठे भेटते. वय सहा महिन्यांनी चुकलं तर तेराव्या वर्षी वर्गीकरणच बदलू शकतं. भारतीय मुलांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते ५ ते १८ वयाचे आहेत आणि पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याशी) जुळणाऱ्या रेषा जास्त वजन आणि स्थूलता ठरवतात.

वर्गात बसवण्याची व्यवस्था परीक्षेसारखी हवी, एका बाकावर एक. वर्गशिक्षक वर्गाबाहेर किंवा निदान फिरत नसलेले. ज्यांची संमती नाही त्यांना बाहेर काढू नका. त्याच आकाराचा कागद द्या, त्यावर कोडी किंवा निबंध असू द्या. कुणाच्या घरून नकार आला हे वर्गाला कळता कामा नये. प्रश्नावली, होकारपत्र आणि सूचना मिळून दोन तासिका धरा.

आणखी दोन अटी. मुलांच्या वजनाची नावानिशी यादी शाळेने मागू नये, संशोधकांनी देऊ नये. आणि शेवटी 'प्रबोधन' म्हणून नट-नट्यांचे फोटो, कॅलरींचे तक्ते किंवा 'खरं सौंदर्य मनाचं' असं भाषण नको. जिला रंगावरून चिडवतात त्या मुलीला त्या वाक्यातून एवढंच ऐकू येतं, की बाहेरचं सौंदर्य तिच्याकडे नाही.

तारखा देताना दहावी वगळा, नववी द्या. जुलै ते सप्टेंबर किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत नाच, पोशाख आणि मेकअपमुळे मुलं दिसण्याबद्दल एरवीपेक्षा जास्त जागरूक असतात, तेव्हाची उत्तरं वर्षभराची धरता येत नाहीत. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आधी लागेल. ते संशोधकांनी आणायचं आहे, तुम्ही धावायचं नाही.

मी अशाच प्रकल्पावर काम करते. एका मुलीने प्रश्नावलीच्या कोपऱ्यात 'मला जगायचं नाही' असं लिहिलं होतं. आम्हाला ते दहा दिवसांनी माहिती भरताना दिसलं आणि प्रश्नावल्या निनावी होत्या. आम्ही काय करायला हवं होतं? (छत्रपती संभाजीनगर)

आज, हे वाचाल त्याच दिवशी, मुख्य संशोधकांना सांगा आणि नैतिकता समितीला लेखी कळवा. निनावी असली तरी शाळा, इयत्ता, तुकडी माहीत असते. शाळेच्या समुपदेशकांमार्फत त्या तुकडीतल्या प्रत्येक मुलाशी थोडा वेळ एकेकटं बोलता येईल, म्हणजे त्या मुलीकडे बोट जाणार नाही. टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठी) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांसाठी) १०९८ हे मदतीचे क्रमांक सगळ्यांना द्या. त्या मुलीपर्यंत पोचल्याशिवाय हा विषय मिटला असं धरू नका.

पुढच्या शाळेपासून तीन बदल करा. निनावी ऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात, फक्त मुख्य संशोधकांकडे. दुसरं, शाळा सोडण्यापूर्वी त्याच दिवशी प्रत्येक कागदाचे समास आणि जोखमीचे प्रश्न डोळ्यांखालून घाला. चाळीस कागदांना अर्धा तास लागतो. तिसरं, ज्या दिवशी मदतीला कुणी उपलब्ध नाही त्या दिवशी प्रश्नावली घेऊच नका.

मुलांना 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं दिसलं तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल', असं सुरुवातीलाच सांगा. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. साहाय्यकालाही तो लागू आहे.

खाण्याच्या सवयींची 'ईट-२६' श्रेणी वापरत असाल तर २० किंवा अधिक गुण म्हणजे निदान नव्हे, पुढे तपासणी हवी एवढाच इशारा. पण चक्कर येऊन पडणं, पाळी तीन महिने बंद होणं, जेवणानंतर उलटी करणं हे कळलं तर गुणांची वाट न पाहता पालकांना विश्वासात घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

आकृत्यांच्या श्रेणीवर आमच्या नमुन्यातल्या मुलग्यांची सरासरी नाराजी शून्याजवळ आली. मुलगे समाधानी आहेत असं लिहू का? (पुणे)

थांबा. स्टंकार्ड यांच्या १९८३ च्या श्रेणीत बारीकपासून जाडपर्यंत नऊ आकृत्या आहेत. 'मी आत्ता असा' वजा 'मला असं व्हायचंय' हा फरक म्हणजे नाराजी. दहा मुलग्यांपैकी पाच जणांना दोन आकृत्या बारीक व्हायचं असेल आणि पाच जणांना दोन आकृत्या भरायचं असेल, तर बेरीज शून्य येते, पण दहाही जण नाराज आहेत. म्हणून चिन्ह काढून फरकाची सरासरी द्या आणि बारीक व्हायचंय, भरायचंय, आहे ते ठीक, अशा तीन गटांची टक्केवारी वेगळी द्या. शिवाय या आकृत्या चरबी दाखवतात, स्नायू दाखवत नाहीत. ज्याला जिममधलं अंग हवंय त्याला बोट ठेवायला इथे चित्रच नाही. त्यासाठी मॅकक्रीरी आणि सॅस यांची २००० सालची १५ विधानांची स्नायूंच्या ओढीची श्रेणी जोडा.

नमुना तुकड्या-तुकड्यांनी घेतला असेल तर तेही लक्षात घ्या. एकाच तुकडीतली मुलं एकमेकांसारखी असतात. तुकडीत ४० मुलं आणि तुकडीअंतर्गत सहसंबंध ०.०३ धरला, तर १ + ३९ × ०.०३ म्हणजे २.१७ पट नमुना लागतो. साध्या सूत्राने २०० आले असतील तर ४३४ मुलं हवीत. आणि तुकड्या जास्त, मुलं कमी असं घेणं नेहमी फायद्याचं.

इंग्लंडमध्ये याच विषयावर साहाय्यक पदासाठी अर्ज करायचा आहे. तयारी काय? (ठाणे)

ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमध्ये दिसण्याशी संबंधित संशोधनाचं स्वतंत्र केंद्र आहे, सेंटर फॉर अपिअरन्स रिसर्च. भारतातल्या शाळांतल्या उपक्रमांवरही त्यांनी काम केलं आहे. त्यांचे शोधनिबंध आधी वाचा. तिथल्या जाहिरातीसोबत 'आवश्यक' आणि 'इष्ट' निकषांची यादी येते. निवेदनात प्रत्येक निकषाला स्वतंत्र परिच्छेद आणि त्यात एक ठोस काम लिहा. निवड समिती यादी समोर ठेवून गुण देते, त्यामुळे एक आवश्यक निकष सुटला तरी अर्ज मागे पडतो. मुलांसोबतच्या कामासाठी तिथे डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी होते, पण तिला भारतातल्या नोंदी दिसत नाहीत. म्हणून पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो, तेव्हा मुलाखतीचं पत्र आल्यावर नव्हे, अर्ज करतानाच त्याच्या मागे लागा.